काळ्यावर पांढरं

"मास्तर, रात्री एसी किती वाजता लावता?"

जिन्यात, सकाळी सव्वासहाला, माझ्या हातात दुधाची पिशवी आणि समोर तळमजल्यावरचे नाना. तोवर आमची ओळख 'पाणी आलं का' आणि 'लाइट गेली का' या दोन प्रश्नांवर चालत होती. भिवंडीत शेजारधर्माला तेवढं पुरतं. त्यामुळे माणूस एकदम शेजघरापर्यंत आला तेव्हा मी चपापलो. म्हटलं, "अकराच्या सुमारास."

"आणि बंद?"

"पाचला."

नानांनी बोटांच्या पेरांवर हिशेब केला. "सहा तास. हवा दमट आहे. सात-आठ लिटर कुठे जात नाही." मग लग्नाची बोलणी करावीत तशा सुरात म्हणाले, "तुमची नळी मागच्या गल्लीत मोकळी सोडलीय. ती माझ्या कॅनमध्ये सोडली तर चालेल का?"

मागच्या खिडकीतून वाकून बघितलं तर पहिल्या मजल्यावरच्या दोन्ही बिऱ्हाडांच्या नळ्या आधीच नानांच्या कॅनमध्ये नांदायला गेल्या होत्या. माझीच तेवढी बिनलग्नाची राहिली होती. दिली.

हे पाणी नानांना गाडी धुवायला लागतं. सगळी गाडी नव्हे, फक्त शेवटचा हात. आमच्या बोअरचं पाणी गाडीवर वाळलं की त्यातला चुना गोल कड्यांच्या रूपानं रंगावर बसतो, आणि उन्हानं भाजला की पुसून जात नाही. एसीचं पाणी हवेतून आलेलं, त्यात चुना नाही की क्षार नाहीत. नानांनी आरओवाल्या पोराकडून टीडीएस मोजायचं मीटर मिळवलं आहे. ते तिन्ही पाण्यांत बुडवून त्यांनी मला आकडे दाखवले. बोअर ७६०, नळ ८५, आणि 'तुमचं' १४. कमी मार्क मिळाल्याबद्दल माझी पाठ थोपटली गेली, ती माझ्या शिक्षकी आयुष्यात एवढी एकदाच.

नानांची गाडी म्हणजे जुनी होंडा सिटी, सेकंडहँड, आणि काळी. या 'काळी'तच सगळं महाभारत आहे.

कामतघर ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. एका अंगाला वऱ्हाळदेवीचा तलाव, दुसऱ्या अंगाला अंजूरफाट्याकडे जाणारे कंटेनर, आणि मध्ये आम्ही. गल्लीगल्लीत यंत्रमाग. दिवसपाळी आणि रातपाळी, बारा-बारा तास खटखट. आता बरेच बंद पडले, पण जे चालतात त्यांच्या खिडक्यांतून पांढरा भुरा उडत असतो. सुताची बारीक रुई. ती विजेच्या तारांवर बसते, कोळ्यांच्या जाळ्यांवर बसते, वाळत घातलेल्या पापडांवर बसते. सायझिंगवाल्यांच्या धुराड्यांतून पहाटे काजळी उतरते. उरलेली जागा रस्त्याची धूळ भरून काढते. मुंबईच्या जकातीला बगल देऊन इथं गोदामं उभी राहिली, २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर तर माणकोलीपासून काल्हेर-पूर्ण्यापर्यंत पत्र्यांचा समुद्र झाला. त्यांचे ट्रक खड्ड्यांतून जाताना जे उडवतात ते सगळं शेवटी कुठल्या तरी बॉनेटवर येऊन टेकतं. अशा गावात शहाणा माणूस पांढरी गाडी घेतो, फार तर चंदेरी. रुई पांढऱ्यावर दिसत नाही, धूळ चंदेरीवर दिसत नाही. नानांनी काळी घेतली.

कारण विचारलं तर म्हणाले, "एकतीस वर्षं कोरं कापड बघितलं, मास्तर. म्हटलं, आता काळं."

नाना एका कापड कंपनीच्या फोल्डिंग खात्यात चेकर होते. मागावरून उतरलेला ग्रे कापडाचा तागा तिरक्या टेबलावरून सरकत जातो, खालून ट्यूबलाइट असते, आणि चेकर त्याच्याकडे डोळे लावून उभा राहतो. कुठे ताण्याची तार तुटलीय, कुठे बाण्याचा फेर चुकलाय, कुठे धोटा अडकून जाळं झालंय, कुठे तेलाचा डाग. दिसलं की खडूची खूण. खूण पडली की विणणाऱ्याच्या मजुरीत काट. एवढी वर्षं माणसांनी रात्र-रात्र जागून विणलेल्या मीटरच्या मीटर कापडाकडे नानांनी फक्त चूक कुठे आहे या एका नजरेनं पाहिलं. मग कंपनी बंद झाली. माग किलोवर भंगारात गेले, शेडचं गोदाम झालं, आणि नजर तेवढी शाबूत राहिली. ती कुठेतरी लावायला हवी होती. काही दिवस ती काकूंच्या पोळ्यांवर लागली. हिंजवडीतल्या मुलानं घाईघाईनं गाडीसाठी पैसे पाठवले ते त्यानंतर. मला वाटतं, आईच्या फोनवरूनच.

माझा धंदा काळ्या फळ्यावर पांढरं उमटवण्याचा, नानांचा काळ्यावरचं पांढरं काढण्याचा. त्यामुळे आमचं जमलं.

गाडी पुसणारे लोक तसे पुष्कळ असतात. एक, महिन्याला ठरलेले पैसे देऊन पोऱ्याकडून पुसून घेणारे. हा पोऱ्या एका बादलीत बारा गाड्या करतो. पहिल्या गाडीला पाणी मिळतं, बाराव्या गाडीला अकरा गाड्यांची माती. नाना त्याच्या फडक्याला फडकं म्हणत नाहीत, पॉलिशपेपर म्हणतात. दुसरे, रविवारी बनियनवर खाली उतरून, जुन्या बनियननंच गाडी पुसणारे. यांना गाडी पुसण्यापेक्षा मोबाइलवर गाणी मोठ्यानं लावण्यात रस असतो. तिसरे, टायरला डिझेल फासून चमक आणणारे. यांच्याबद्दल नाना बोलत नाहीत, फक्त डोळे मिटतात. आणि चौथे आमच्यासारखे, ज्यांच्या स्कूटरवर पोरांनी बोटानं 'धुवा मला' लिहिलेलं असतं आणि त्यातलं शुद्धलेखन आम्ही तपासतो.

नाना यांपैकी कुणातच नाहीत. नाना गाडी पुसतच नाहीत.

"पुसायची नसते मास्तर. टिपायची असते. डोळ्यातलं पाणी आपण पुसतो का? टिपतो."

रविवारी पाच वाजता नळाला पाणी येतं तेव्हा नाना उठून तयार असतात. ऊन यायच्या आत सगळं उरकलं पाहिजे, कारण तापलेल्या पत्र्यावर साबण वाळतो. आधी चाकं. चाकांची बादली वेगळी, ब्रश वेगळा, आणि तो ब्रश चुकून इतर कामाला वापरला गेल्यास घरात सुतक. चाकांवर ब्रेक घासून निघालेला लोखंडाचा चुरा असतो, तो रंगाला लागला की संपलं. मग वरून खाली नुसतं पाणी सोडायचं, म्हणजे मोठी माती हात न लावताच निघून जाते. मग साबण. कपड्यांची पावडर चालत नाही, भांड्यांचा साबण तर नाहीच, कारण त्याचं तेलाशी वैर आणि गाडीवरचं वॅक्स तेलाच्याच जातीचं. गाडीचा शाम्पू वेगळा येतो. काकूंच्या मते तो त्यांच्या शाम्पूपेक्षा महाग आहे. मी दोन्ही बाटल्या पाहिल्या आहेत. काकूंचं बरोबर आहे.

दोन बादल्या असतात. एकीत साबण, दुसरीत साधं पाणी. साबणात हातमोजा बुडवायचा, एक पत्रा धुवायचा, मग मोजा साध्या पाण्यात खळबळायचा आणि मगच पुन्हा साबणात. म्हणजे गाडीवरची माती साबणात जात नाही. साध्या पाण्याच्या बादलीत तळाशी एक जाळी टाकायची असते, म्हणजे खाली बसलेली वाळू पुन्हा वर येत नाही. ही जाळी बाजारात विकत मिळते. नानांना किंमत पटली नाही. त्या वर्षी गणेश चतुर्थीला काकूंनी मोदकपात्र काढलं तेव्हा त्यात जाळी नव्हती. सगळं घर शोधलं, माळा शोधला, शेवटी माझ्या बायकोकडे विचारायला आल्या. जाळी सापडली तेव्हा आरती सुरू होती आणि नाना टाळ वाजवता वाजवता देवाकडे न बघता दाराकडे बघत होते. त्या वर्षी तळणीचे मोदक झाले.

मोजा फिरवायचा तो सरळ रेषेत. पुढून मागे. गोल अजिबात नाही. आपण सगळे गोल पुसतो, फळा असो की ताट. नानांना गोल हालचाल बघवत नाही. "कापडात काही गोल असतं का? ताणा उभा, बाणा आडवा. संपलं." गोल पुसलं की रंगावर बारीक ओरखड्यांची वर्तुळं उठतात आणि रात्री दिव्याखाली गाडी उभी केली की दिव्याभोवती कोळ्याचं जाळं दिसतं. नानांनी मला ते माझ्या मेव्हण्याच्या नव्या गाडीवर दाखवलं. मेव्हणा जेवायला आला होता. जेवण होईपर्यंत गाडीवर नखाएवढाही ओरखडा नाही असं त्याचं मत होतं. नानांनी खिशातून टॉर्च काढला, तिरका धरला, आणि कंपनीतून आठवण म्हणून आणलेलं घडीचं भिंग बॉनेटवर ठेवलं. या भिंगाखाली इंचभर कापडातल्या तारा मोजतात. मेव्हण्यानं एक डोळा मिटून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तो पुन्हा गाडी घेऊन आमच्याकडे आलेला नाही, रेल्वेनं येतो.

फडक्यांबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण तिथे नाना भाविक होतात.

भिवंडीत कापडाला तोटा नाही. चिंधीचे तर डोंगर आहेत, चिंधीवर लोकांनी इमारती बांधल्या. पण सुती फडकं गाडीला चालत नाही, ते रुई सोडतं. नानांना लागतं मायक्रोफायबर. त्याचा एक-एक तंतू एक डेनिअरच्याही खाली असतो. डेनिअर म्हणजे ९,००० मीटर तंतूचं ग्रॅममधलं वजन, हे मला नानांनी जिन्यात उभं करून तीनदा समजावलं. ९,००० मीटर म्हणजे आमच्या दारापासून कल्याणच्या जवळपास. एवढा लांब तंतू आणि वजन एका ग्रॅमलाही पुरत नाही. शिवाय तो गोल नसतो, पॉलिएस्टर आणि नायलॉनचा जुळा तंतू चिरून त्याच्या फाका केलेल्या असतात, संत्र्यासारख्या. त्या फाकांच्या फटीत धूळ जाऊन बसते, रंगावर घासली जात नाही. कापड हातात घेतलं की नाना डोळे मिटून अंगठ्यानं त्याची लव चाचपतात आणि जीएसएम, म्हणजे चौरस मीटरमागचं ग्रॅममधलं वजन, सांगतात. मग वजनकाट्यावर ताडून बघतात. चुकत नाहीत. चुकले तर काट्याची बॅटरी बदलतात.

ही फडकी ते ऑनलाइन मागवतात. एकदा पार्सल कुठवर आलं ते मोबाइलवर बघत माझ्याकडे आले. पार्सल निघालं होतं भिवंडीच्या गोदामातून. म्हणजे आमच्या घरापासून रिक्षानं अर्ध्या तासावर. तिथून ते कुठे कुठे फिरून तिसऱ्या दिवशी परत 'भिवंडी' असा शिक्का घेऊन आलं आणि तिथेच बसून राहिलं. "अहो, मी भिवंडीतच आहे," असं नाना मोबाइलला म्हणत होते. एकतीस वर्षं या गावचं कापड जगभर जाताना ज्यानं पाहिलं, त्याला वीतभर फडक्यासाठी हाका मारत बसावं लागत होतं. शेवटी पार्सल आलं. नानांनी आधी कात्रीनं फडक्याचं लेबल कापलं, कारण लेबलची शिवण ओरखडे काढते. मग रंगाप्रमाणे वाटणी झाली. निळं पत्र्याला, हिरवं काचेला, करडं चाकांना, पिवळं वॅक्सला. ती वेगळी धुवायची, सॉफ्टनर घालायचं नाही, इस्त्री करायची नाही, सुती कपड्यांबरोबर वाळत घालायची नाहीत. एकदा काकूंच्या हातून हिरव्यानं तवा उतरवला गेला. नाना रागावले नाहीत. त्यांनी फडक्याला खडूनं खूण केली आणि 'सेकंड' म्हणून चाकांकडे बदली केली.

रंगाचं शास्त्र नानांनी मला पैशांच्या भाषेत सांगितलं, म्हणून ते लक्षात राहिलं. पत्र्यावर आधी गंज धरू नये म्हणून एक थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग, आणि सगळ्यात वर बिनरंगाची लाखेसारखी चकाकी, तिला क्लिअरकोट म्हणतात. सगळे थर मिळून शंभर-सव्वाशे मायक्रॉन. त्यात क्लिअरकोट चाळीसेक मायक्रॉनचा. आपला केस सत्तरेक मायक्रॉन असतो.

"प्लॅस्टिकच्या पिशवीचं आठवतं ना?" नाना म्हणाले. "सरकार आधी ५० मायक्रॉन म्हणालं, मग ७५, मग १२०. त्याखालच्या पिशवीला बंदी. आणि माझ्या गाडीची चमक ४०. कोथिंबिरीची पिशवी जाडी म्हणायची."

तर हा क्लिअरकोट म्हणजे मुद्दल. गॅरेजवाले कंपाउंड मारून गाडी चकाचक करून देतात तेव्हा ओरखडा भरून येत नाही, त्याच्या आजूबाजूचा रंग घासून त्याच्या पातळीला आणला जातो. एकदा मशिन फिरलं की एक-दोन मायक्रॉन गेले. चमक येते ती मुद्दल मोडून. वॅक्स म्हणजे व्याज. लावा, दोन-तीन महिन्यांनी संपेल, पुन्हा लावा, मुद्दल तसंच. ज्या माणसाची सगळी फंडाची रक्कम पोस्टात आहे त्याला गाडीचा रंगही पोस्टात ठेवावासा वाटला तर त्यात नवल नाही.

वॅक्स ब्राझीलचं आहे. तिथल्या ताडाच्या जातीच्या एका झाडाच्या पानांवर ते धरतं, कार्नोबा त्याचं नाव. उन्हाच्या तडाख्यात पान सुकू नये म्हणून झाडानं केलेली सोय. तेच मेण गोळ्या-चॉकलेटांवरही चढवतात, हे नानांनी उत्साहाच्या भरात काकूंना सांगितलं. तेव्हापासून नाना जेवायला उशीर करू लागले की काकू म्हणतात, "त्या डबीतलं चाटा आज."

गेल्या वर्षी एक तरुण सिरॅमिक कोटिंग विकायला आला. टाय लावून आला होता, कामतघरच्या मे महिन्यात. काचेच्या जातीचं रसायन गाडीवर चढवायचं, मग काही वर्षं बघायला नको. "काका, नाइन एच हार्डनेस आहे. हिऱ्याच्या खालोखाल."

नानांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, बोअरचं नव्हे. मग विचारलं, "हे एच हिऱ्याच्या मापाचं की पेन्सिलीचं?"

तो थांबला. ते पेन्सिलीचं असतं. एच, टूएच, थ्रीएच, ड्रॉइंगच्या पेन्सिली असतात त्या मापाचं. नाइन एचच्या पेन्सिलीनं चरा पडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. रस्त्यावरच्या धुळीतली वाळू पेन्सिल नसते. पोरगा चांगला होता, खरं बोलला. "काका, आम्हाला असंच सांगायला शिकवतात." नानांनी त्याला टॉर्च कसा तिरका धरायचा ते शिकवलं आणि निरोप दिला. जाताना त्याच्या टायवरचा एक सुटलेला धागा कात्रीनं कापून दिला.

तळमजल्याच्या समोरच टँकरवाले दादूस राहतात. मूळ कामतघरचे, घर कौलारू होतं तेव्हापासूनचे. त्यांची पांढरी बोलेरो त्यांच्या लग्नात धुतली असेल. ते दर रविवारी दात घासत नानांसमोर उभे राहतात. "नाना, कवरी घासशील ती गारी? झिजंल ना!" नानांचं सगळं शास्त्र या एका वाक्यात आहे, हे दादूसना कुणी सांगितलेलं नाही.

गाडी किती चालते, असं विचाराल. चालते. मंगळवारी टिटवाळ्याला जायचं तर रिक्षा-लोकल, कारण रस्ता वाईट. लग्नाला जायचं तर ओला, कारण पार्किंगमध्ये लोक दार उघडून आपटतात. पावसाळ्यात प्रश्नच नाही. उरलेल्या दिवसांत बॅटरी उतरू नये म्हणून नाना तलावापर्यंत नेऊन आणतात.

वर्षातले पाच आठवडे मात्र नानांची झोप उडते. गणपतीपासून दसऱ्यापर्यंत देव, पितर आणि देवी असे तिघेही काळ्या रंगावर चालून येतात.

विसर्जनाच्या मिरवणुका आमच्या गल्लीच्या तोंडावरून वऱ्हाळा तलावाकडे जातात. ढोल, ताशे, आणि गुलाल. गाडीवर कव्हर घालणं नानांना मान्य नाही, कारण कव्हरच्या आत धूळ राहिली आणि वारा सुटला की ते कव्हर रात्रभर पत्र्यावर कानस चालवतं. मग उपाय काय? अनंत चतुर्दशीच्या रात्री नाना आणि मी, गाडीच्या दोन टोकांना, दोन स्टुलांवर, मध्ये काकूंची डबल बेडची चादर ताणून उभे होतो. पत्र्याला चादर लागू द्यायची नाही, गुलाल पलीकडून येऊ द्यायचा नाही. अंतरपाट धरावा तसा. मिरवणुकीतल्या एकानं आम्हाला पाहून अक्षता टाकल्यासारखा दोन मुठी गुलाल टाकला. चादर वाचली नाही, मी वाचलो नाही, गाडी वाचली.

दुसऱ्याच दिवसापासून पितृपक्ष. आमच्या गच्चीवर रोज कुणाचा तरी नैवेद्य ठेवला जातो आणि कावळे जमतात. कावळा शिवला की घरातले सुखावतात, नाना धास्तावतात. "पितर तृप्त झाले, आनंद आहे. पण तृप्त झाल्यावर ते बसतात कुठे, मास्तर?" बसतात ते बरोबर गाडीवरच्या तारेवर. पक्ष्याच्या विष्ठेतलं युरिक ॲसिड उन्हात तापलेल्या क्लिअरकोटमध्ये उतरतं आणि डाग कायमचा राहतो. त्यामुळे त्या पंधरवड्यात नाना ओल्या फडक्याचा डबा खुर्चीजवळ घेऊन बसतात, दिसलं की भिजवतात, मऊ होऊ देतात, अलगद उचलतात. एकदा म्हणाले, "हा माझ्या वडिलांचा असेल. त्यांना गाडी घेणं पसंतच पडलं नसतं."

आणि मग दसरा.

दसऱ्याला काकूंचा आणि नानांचा करार असतो. तो दर वर्षी नव्यानं होतो, कामगार आणि मालक बोनसवर बसतात तसा. काकूंची मागणी साधी आहे. गाडीची पूजा करायची म्हणजे बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, हळदीची बोटं, अक्षता, झेंडूचा हार, नारळ, आणि चाकाखाली लिंबू. नाना एकेक कलम घेतात. कुंकवाचे कण खरखरीत असतात, पुसताना ओरखडे पडतात. अक्षता तर तांदूळच. हार चिकटपट्टीनं लावायचा नाही, डिंक राहतो. नारळ तीन पावलं लांब फोडायचा. "देवीला कुंकू चालतं, तुमच्या गाडीला चालत नाही?" असं काकू म्हणतात. या वर्षी ठरलं ते असं: कुंकू नंबरप्लेटला, कारण नंबरप्लेट आरटीओची. हार पुढच्या जाळीला सुती दोऱ्यानं. लिंबू मान्य, कारण चाक म्हणजे रबर, रबराला लिंबानं काय होणार?

आदल्या संध्याकाळी नानांनी गाडीला शेवटचा हात दिला. तिन्ही बिऱ्हाडांचं एसीचं पाणी त्यात संपलं. सकाळी आठला मी वरून गॅलरीत आलो तेव्हा खाली काळा आरसा उभा होता आणि त्यात आमची सगळी इमारत उलटी दिसत होती, माझ्या वाळत घातलेल्या लुंगीसकट. हिंजवडीचा मुलगा आला होता. तो स्टिअरिंगवर बसला. काकूंनी ओवाळलं. नंबरप्लेटला कुंकू लावताना त्यांना गुडघ्यावर बसावं लागलं, त्या वेळी त्यांनी नानांकडे जे पाहिलं ते मला दुसऱ्या मजल्यावरून दिसलं. मग पुढच्या दोन चाकांखाली दोन लिंबं. "घे, सावकाश," नाना म्हणाले.

डावं लिंबू गुमान चिरडलं. उजवं जरा निबर निघालं, किंवा नीट मध्ये नव्हतं. ते एका बाजूनं फुटलं आणि पिचकारी सुटावी तशी रसाची एक धार मडगार्डवरून थेट दारापर्यंत गेली. तिच्या टोकाला एक बी.

"सायट्रिक ॲसिड!" नाना असे ओरडले की समोर दादूसच्या तोंडातला ब्रश थांबला.

"अहो बाबा, लिंबू आहे," मुलगा म्हणाला.

"बोअरचं पाणी नको! कुणी बोअरचं घालू नका!" नाना फडकं घेऊन धावले, थांबले, कॅनकडे गेले, कॅन उलटा केला. कोरडा. नळाचं पाणी सहालाच गेलेलं. मग त्यांनी मान वर केली.

"मास्तर! एसी!"

दसऱ्याच्या सकाळी सव्वाआठ वाजता आम्ही दारं-खिडक्या लावून एसी १८ वर टाकला. बायकोनं शाल घेतली. खालच्या दोन्ही बिऱ्हाडांतूनही घरघर सुरू झाली. नाना तांब्या घेऊन मागच्या गल्लीत तिन्ही नळ्यांखाली उभे राहिले. एसी लावला म्हणून लगेच थेंब येत नाही, आत गार पडायला वेळ लागतो. मी मागच्या खिडकीतून पाहिलं, नाना नळीच्या तोंडाकडे बघत होते, रातपाळीत लाइट जाऊन माग थांबले की सगळे दिव्याकडे बघत तसे.

मग मी पुढच्या गॅलरीत आलो.

खाली काकू एकट्याच होत्या. मुलगा बापाला समजवायला मागे गेला होता. काकूंनी पदर खोचला, कुंकवाच्या करंड्यात चार थेंब तेल टाकून ते कालवलं, आणि बॉनेटच्या बरोबर मधोमध अनामिकेनं पहिली उभी रेघ ओढली. मग आडवी. सरळ, कुठे न थरथरता. नानांनी टॉर्च लावून पाहिली असती तरी खोट निघाली नसती. त्यांनी वर पाहिलं. मी दिसलो. त्यांनी काही खूण केली नाही, मीही नाही.

"आला! आला!" मागून नानांचा आवाज आला. "पहिला थेंब आला, मास्तर! अजून कमी करा! सोळावर घ्या!"

मी १६ वर घेतला. काकू चौथ्या घरात ठिपका देत होत्या.